केयाचे सेकंद

केयाला वर्गात मध्येच थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिच्यासाठी तिथे गेले नव्हते. तिसरीच्या वर्गात मागच्या बुटक्या खुर्चीवर बसून मी मुलांच्या फोल्डरमध्ये फॅमिली नाइटची, म्हणजे पालकांच्या मेळाव्याची, पत्रकं घालत होते. केया उभी राहून धडा वाचत होती. एका वाक्याच्या मध्यावर ती थांबली. पुस्तक हातात तसंच, मान सरळ, ओठ किंचित उघडे, पापण्या मात्र भराभर फडफडत होत्या. मग राहिलेलं अर्धं वाक्य तिने पुढे वाचलं, मध्ये काही घडलंच नाही अशा आवाजात.

भिंतीवरच्या घड्याळात सात सेकंद गेले होते.

"केया, परत आलीस का पृथ्वीवर?" मिस हॅलोरन हसून म्हणाल्या. मुलंही हसली. केयाने सगळ्यांकडे पाहिलं. हसण्यासारखं काय झालं ते तिला कळलं नव्हतं, पण ती हसली.

मी त्या शाळेत फॅमिली लिएझॉन होते. घर आणि शाळा यांच्यामधला माणूस, असा त्या पदाचा अर्थ. जीवशास्त्रात पदवी घेतली होती, मेडिकल कॉलेजांना अर्ज पाठवले होते, आणि मध्ये एक वर्ष मोकळं होतं. अ‍ॅशबर्नच्या त्या शाळेत एकशे चाळीस भारतीय घरांतली मुलं होती आणि त्या घरांतलं कुणी मीटिंगला यायचं नाही. बाराव्या वर्षापर्यंत मी नागपुरात वाढले, मला मराठी आणि हिंदी दोन्ही येतात, म्हणून मुख्याध्यापिका डॉ. व्हिटमन यांनी मला घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी गळ्यात घालायला ओळखपत्र दिलं आणि दोन पानांचे नियम दिले. चौथा नियम असा होता: मुलाच्या तब्येतीबद्दल घरून काहीही कळलं, तर त्याच दिवशी नर्सला सांगायचं. मी खाली सही केली होती.

पत्रकं संपल्यावर मी मिस हॅलोरनना केयाची फाइल मागितली. सप्टेंबरपासून त्यांनी घरी पाच ईमेल पाठवले होते. 'केया दिवास्वप्नांत असते.' 'केयाचं लक्ष नसतं.' पाचही ईमेलना वडिलांचं उत्तर एकच होतं: कळवल्याबद्दल आभार, आम्ही तिच्याकडून करून घेऊ. सगळी उत्तरं दहा मिनिटांच्या आत आलेली. पुढच्या कागदावर ऑगस्टमधला आरोग्याचा फॉर्म होता. दमा, अ‍ॅलर्जी, मधुमेह, झटके, नियमित औषधं. चौदा प्रश्नांपुढे चौदा वेळा 'नाही'.

"आईला कधी भेटलात?" मी विचारलं.

"ती गाडीतून हात हलवते," मिस हॅलोरन म्हणाल्या. "गोड बाई आहे."

*

दहा ऑक्टोबरला, गुरुवारी दुपारी, मी त्यांच्या घरी गेले. डेटा सेंटरच्या लांबलचक, बिनखिडक्यांच्या इमारतींच्या मागे नवी टाउनहाउसं झाली आहेत, त्यांतलं शेवटून दुसरं. दार उघडलं तरी त्या इमारतींची घरघर आत ऐकू येत राहायची. केयाची आई विनीता मूळची अमरावतीची. माझी नागपुरी ऐकली आणि तिने दार पूर्ण उघडलं.

"अगं, मला वाटलं कोणी गोरी मॅडम येऊन राहिली, म्हणून मी सकाळपासून घर पुसून राहिली! बस. चिवडा खाशील ना? केवढी बारीक गं तू. कॉलेजात नुसती पुस्तकंच खाल्ली का?"

"चिवडा खाईन, विनीताताई. पण थोडं केयाबद्दल..."

"आधी खा. केयाबद्दल काय, अभ्यास करत नाही म्हणता ना तुम्ही लोक? तिचा बाबा, केदार, रोज फोनवर तिचे पाढे घेतो. सांता क्लाराहून. तिथे क्लायंटकडे असतो तो, पंधरा दिवसांनी येतो."

मी चिवडा खाल्ला. मग जे पाहिलं ते सांगितलं, जसं पाहिलं तसंच: पुस्तक, पापण्या, सात सेकंद. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी तीन वेळा पाहिलं होतं, तेही सांगितलं. विनीताताई ओट्याजवळ उभी होती. तिने गॅस बंद केला. गॅसवर काही नव्हतं, नुसतीच ज्योत होती.

"शाळेत होतं?" ती म्हणाली. "घरी तर बंद झालं. औषधाने पूर्ण बंद झालं."

फ्रिजच्या दाराच्या खणात सिरपची बाटली होती. तिने ती काढून माझ्यापुढे ठेवली. लेबल वाचायला मला वेळ लागला नाही. अपस्माराचा हा प्रकार लहान मुलांत असतो. मूल कोसळत नाही, हातपाय झाडत नाही. काही सेकंद ते तिथे नसतं, इतकंच. बरीचशी मुलं मोठी होता होता बरी होतात. वेळेवर औषध आणि आजूबाजूच्यांना माहिती, एवढं लागतं.

"फॉर्मवर तुम्ही नाही लिहिलंत," मी म्हणाले.

"आपल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगतात ना सगळ्या. नवीन शाळा म्हटलं की पहिला मेसेज हाच. हेल्थ फॉर्मवर सगळीकडे नो. एकदा यस लिहिलं की ते चिकटतं, बारावीपर्यंत फाइल मागे मागे फिरते. आणि ग्रुपने नसतं सांगितलं तरी मी नोच लिहिलं असतं."

"का?"

"जर्सी सिटीत यस लिहिलं होतं."

तिने सांगितलं ते मी त्या दिवशी गाडीत बसून वहीत उतरवलं. दुसरीत असताना, जर्सी सिटीच्या शाळेत, त्यांनी सगळं लिहून दिलं होतं. शाळेने चांगलंच केलं: योजना आखली, वर्गात मदतनीस दिली, मैदानावर एक बाई सतत केयाच्या मागे. मुलांनी विचारलं, ही बाई हिच्या मागे का फिरते? कुणीतरी सांगितलं. महिन्याभरात मुलांनी एक खेळ काढला. एकाने ओरडायचं, 'केया!' आणि सगळ्यांनी जिथे असतील तिथे पुतळा व्हायचं, पापण्या फडफडवायच्या. जो आधी हलेल तो बाद.

"एकदा मी घ्यायला गेली होती," विनीताताई म्हणाली. "पाहते तर माझी पोरगीच मध्ये उभी. तीच खेळून राहिली होती. सगळ्यांत चांगलं करत होती ती. आणि हसत होती."

चिवड्याची रिकामी वाटी मी बाजूला सरकवली.

"इथे यायच्या आधी तिने मला प्रॉमिस करायला लावलं. 'आई, डोंट टेल देम. प्लीज.' आठ वर्षांची पोर आहे. आता तू सांग, मी काय लिहायला पाहिजे होतं?"

"नर्सला सांगायलाच हवं. नर्स मुलांना सांगत नाही."

"तिथेही असंच म्हटलं होतं." तिने बाटली परत खणात ठेवली. "हे बघ, तू आपल्यातली आहेस म्हणून बोलली मी. शाळेला नको सांगू. मी सांगीन. मला सांगू दे. केदारशी बोलते आधी."

"कधी?"

"तुझा तो कार्यक्रम आहे ना, चोवीसला? फॅमिली नाइट. तेव्हा येईन, नर्सला भेटीन. तू बाजूला उभी राहा फक्त. माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे."

चोवीस तारीख दोन आठवड्यांवर होती. चौथा नियम मला आठवत होता. मी हो म्हणाले.

का म्हणाले, याची कारणं मी नंतर अनेकदा तपासली. पहिलं कारण मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं: आईने स्वतः येऊन सांगितलं तर ती पुढेही येत राहील, आणि मी परस्पर सांगितलं तर हे दार पुन्हा उघडणार नाही. याच कामासाठी तर मला घेतलं होतं. दुसरं कारण असं की, अशा झटक्यात मूल सहसा पडत नाही, उभं असेल तसंच उभं राहतं, असं मी वाचलं होतं. त्याच पानावर पुढे लिहिलं होतं की हातांची पकड सैल होऊ शकते. तेही मी वाचलं होतं.

तिसरं कारण वहीत आहे.

*

माझं ऐकूनही विनीताताईला वाटत होतं की औषध लागू पडतंय. घरी संध्याकाळी तिला काही दिसत नव्हतं. शाळेत सकाळी दिसत होतं, पण शाळेला त्याचं नाव माहीत नव्हतं. शाळेत किती होतं आणि त्याला काय म्हणतात, या दोन्ही गोष्टी फक्त मला माहीत होत्या. मी ठरवलं की चोवीस तारखेपर्यंत नीट नोंदी करायच्या. नुसतं 'होतं' म्हणून उपयोग नाही, किती वेळा, किती वेळ, कुठल्या वेळी, आधी काय चाललं होतं, हे सगळं एका पानावर मांडायचं. नर्सला आणि न्यूरोलॉजिस्टला हेच लागेल. त्यांची अपॉइंटमेंट डिसेंबरमध्ये होती, नव्या गावात त्याआधीची मिळाली नव्हती.

मी रोज काही ना काही निमित्त काढून तिसरीच्या वर्गात जायला लागले. फोनवर स्टॉपवॉच, मांडीवर वही. शुक्रवार, सकाळी नऊ चाळीस, गणित, सहा सेकंद. सोमवार, दहा चाळीस, मैदानावर पळून आल्यावर, अकरा. बुधवार, दहा पाच, गाणं म्हणताना, आठ. धापा टाकल्या की प्रमाण वाढत होतं, आणि पुस्तकात तसंच म्हटलं होतं. एका आठवड्यात सोळा नोंदी झाल्या. त्यांतल्या बारा जेवणाच्या सुट्टीआधीच्या होत्या. सकाळचा डोस कमी पडत होता, हे शाळेतल्या कुणाही पोराला समजावं इतकं स्पष्ट होतं. मी आलेख काढला. तो फार छान आला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला, हे मी लपवणार नाही.

आलेख पाहिल्याबरोबर मी नर्सच्या खोलीत जायला हवं होतं. ती खोली तिसरीच्या वर्गापासून बावीस पावलांवर आहे. मला वाटलं, वीस नोंदी होऊ देत.

शनिवारी विनीताताईचा फोन आला.

"काय डॉक्टरीणबाई, झाली का डॉक्टर?"

"अजून उत्तरं यायचीत."

"येतील, येतील. ऐक, केदार नाही म्हणून राहिला. म्हणे आधी डॉक्टर, मग शाळा. म्हणे इथे लोकांना काढून राहिले ऑफिसात, त्यात हे नवीन टेन्शन नको. मी म्हटलं, तू ये नाहीतर नको येऊ, मी गुरुवारी सांगते. तुझ्या जिवावर म्हटलं हां."

"मी आहे."

"आणि ऐक, शाळेत आता नाही ना होत जास्त?"

माझ्यापुढे वही उघडी होती.

"गुरुवारी सगळं दाखवते तुम्हाला," मी म्हणाले. "कागदावर मांडलंय. फोनवर नीट सांगता येणार नाही."

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

*

सोमवारी, एकवीस तारखेला, साडेदहाच्या सुट्टीत मी मैदानाच्या कडेला बाकावर बसले होते. मुलं पकडापकडी खेळत होती. केया जोरात पळाली, दोनदा वळली आणि पाठलाग चुकवायला लोखंडी शिडीवर चढली. शिडीच्या टोकाला घसरगुंडीचा मंच आहे. ती शेवटच्या पायरीच्या एक पायरी खाली होती, दोन्ही हातांनी दांडे धरलेले. तिथे ती थांबली.

बाक शिडीपासून साधारण अठरा मीटरवर आहे. धावत जायला मला चार-पाच सेकंद लागले असते.

मी स्टॉपवॉच सुरू केलं.

सवयीने केलं. दहा दिवसांत अंगठ्याला ते इतकं सरावलं होतं की विचार करावा लागला नाही. मग मी तिचे हात पाहिले. बोटं उघडत होती, झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं सुटतं तशी. मी उठले. ती मागे गेली, एक पाय पायरीत अडकला, त्यामुळे ती उलटी फिरली आणि डोक्याची डावी बाजू खालच्या लोखंडी पायरीवर आपटली. आवाज फार मोठा नव्हता.

नर्सने तिला हलवू दिलं नाही. अँब्युलन्स नऊ मिनिटांत आली. फोन गवतात पडला होता. मी तो संध्याकाळी उचलला तेव्हा स्टॉपवॉच अजून चालू होतं. पण ती सुटेपर्यंत किती सेकंद गेले ते मी मनातही मोजलं होतं. घरी जाऊन मी सतरावी नोंद केली. वेळ, दहा अडतीस. आधी पळणं. कालावधी, चार सेकंद. शेरा लिहायचा रकाना रिकामा ठेवला.

केया वाचली. डाव्या कानामागचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की त्या कानाने तिला ऐकू येत नाही, आणि ते परत येईल असं ते म्हणू शकत नाहीत.

हॉस्पिटलने औषध कोणतं चालू आहे ते विचारलं, विनीताताईने सांगितलं. हॉस्पिटलने शाळेला विचारलं, शाळेने चौदा 'नाही' असलेला फॉर्म पाठवला. त्यावरून पालकांनी आजार लपवल्याचा रिपोर्ट गेला. कायद्याने तो द्यावाच लागतो. बुधवारी सकाळी नऊ वाजता डॉ. व्हिटमन यांच्या खोलीत बैठक ठरली. बालसंरक्षण विभागाच्या मिस ओर्टेगा येणार होत्या. केदारचं विमान दुपारी उतरणार होतं.

"फोनवरच्या दुभाषी सेवेत मराठीसाठी थांबावं लागतं," डॉ. व्हिटमन मला म्हणाल्या. "तिचा तुझ्यावर विश्वास आहे. तू करशील?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, करीन.

*

विनीताताई वीस मिनिटं आधी आली. तिने हॉस्पिटलमध्ये दोन रात्री काढल्या होत्या. ड्रेसवरची ओढणी दोन वेगळ्या पिना लावून बसवलेली होती. खोलीबाहेरच्या खुर्च्यांवर आम्ही शेजारी बसलो. समोरच्या फळ्यावर मीच लावलेलं पोस्टर होतं: 'आपण मिळून', चार भाषांत.

"कशी आहे?" मी विचारलं.

"उजव्या बाजूने बोललं की वळून बघते." तिने ओढणीची एक पिन चाचपली. "केयाला घेऊन जातील का गं हे लोक?"

"नाही."

"तुला माहीत आहे, की नुसतं म्हणून राहिली?"

मला माहीत नव्हतं. "सहसा नेत नाहीत," मी म्हणाले.

"मी तुला सांगितलं होतं, असं सांगीन ना," ती म्हणाली. "मी लपवलं नाही. म्हणजे, फॉर्मवर लपवलं. पण मग तुला सांगितलं होतं. ते सांगितलं की झालं ना?"

तेवढ्यात दार उघडलं.

मिस ओर्टेगा पन्नाशीच्या होत्या, आवाज हळू, समोर पिवळी वही. त्यांनी आधी मला नियम सांगितला: जे बोललं जाईल ते सगळं, काही न घालता, काही न गाळता. मी मान हलवली. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि मांडीवरच्या पिशवीत माझी वही होती.

पहिले प्रश्न सोपे गेले. जन्मतारीख. आजार केव्हा कळला. कोणतं औषध, किती. विनीताताई छोट्या छोट्या वाक्यांत बोलत होती, मला सोपं जावं म्हणून. जर्सी सिटीचा खेळ तिने सांगितला, मी तो इंग्रजीत सांगितला. डॉ. व्हिटमन यांनी डोळ्यांवर हात ठेवला.

मग मिस ओर्टेगा म्हणाल्या, "पडण्याआधी या शाळेतल्या कुणालाही तुम्ही मुलीच्या आजाराबद्दल सांगितलं होतं का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वेळ घ्या."

मी प्रश्न मराठीत सांगितला.

"हो," विनीताताई म्हणाली. तिने वेळ घेतला नाही. "हिला सांगितलं. दहा तारखेला, माझ्या स्वयंपाकघरात. बाटली दाखवली. ही म्हणाली, चोवीसला आपण मिळून नर्सला सांगू."

चार वाक्यं होती. मी ती सगळी नीट ऐकली. खोलीत दोघी माझ्याकडे बघत थांबल्या होत्या, आणि माझ्याशिवाय तिथे कुणालाही ती समजली नव्हती. मेडिकल कॉलेजांच्या उत्तरांचा विचार माझ्या मनात आला. खोटं सांगत नाही, तो सगळ्यांत आधी आला.

"त्या म्हणतात," मी इंग्रजीत म्हणाले, "चोवीस तारखेला फॅमिली नाइटच्या वेळी नर्सला सांगायचं त्यांनी ठरवलं होतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मिस ओर्टेगांनी लिहायला सुरुवात केली. त्यांनी पूर्ण ओळ लिहिली आणि खाली रेघ मारली. विनीताताई त्या पेनाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तू पूर्ण नाही सांगितलं," ती हळूच म्हणाली. "माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे, पण एवढं कळतं. तुझं नाव नाही आलं त्यात."

मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"काय म्हणाल्या त्या?" मिस ओर्टेगांनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि काही बोलले नाही. किती वेळ ते मला सांगता येत नाही. तेवढं एकच मी मोजलेलं नाही. डॉ. व्हिटमन 'नीला?' म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मिस हॅलोरन केयाला हाक मारायच्या तसाच होता.

विनीताताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग स्वतःच इंग्रजीत बोलली, एकेक शब्द जुळवून, बोट माझ्याकडे करून.

"आय टोल्ड. हर. धिस गर्ल. टेन ऑक्टोबर. शी सेड, वेट."

वाट बघू या असं मी म्हणाले नव्हते, तिनेच म्हटलं होतं. पण मी ते दुरुस्त केलं नाही. मी हो म्हणाले होते, त्याचा अर्थ तोच होता.

"हे खरं आहे का?" मिस ओर्टेगा मला म्हणाल्या.

"हो."

मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. मिस ओर्टेगांनी ती स्वतःकडे ओढली आणि पान उलटलं. तारखा इंग्रजीत होत्या, आकडे इंग्रजीत होते, त्यांना दुभाषी लागला नाही. त्या वरून खाली बोट नेत गेल्या. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"एकवीस तारीख, दहा अडतीस," त्या म्हणाल्या. "चार. चार काय?"

"सेकंद."

"तू तिथे होतीस?"

"हो."

"काय करत होतीस?"

"मोजत होते," मी म्हणाले.

डॉ. व्हिटमन यांनी आपल्या पेनाचं टोपण लावलं. "तिने नीलाला घरी, खाजगीत सांगितलं," त्या सावकाश म्हणाल्या. "याला शाळेला सांगितलं असं म्हणता येईल का, ते आमच्या वकिलांना विचारावं लागेल."

"तिच्या गळ्यात तुमच्या शाळेचं ओळखपत्र आहे," मिस ओर्टेगा म्हणाल्या. त्यांनी मघाची ओळ खोडली. खोडताना त्यांचा चेहरा बदलला नाही. "आता ही दुभाषी म्हणून चालणार नाही. ती या प्रकरणात साक्षीदार आहे. फोन लावा. आणि तोवर या दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही. तुम्ही दोघी मराठीत काय बोलता ते इथे कुणाला कळणार नाही."

हे शेवटचं मी विनीताताईला मराठीत सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. "ताई, आपण आता बोलायचं नाही असं त्या म्हणतात." तिने मान हलवली.

फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता, स्पीकरवर. आधी हिंदी चालेल का असं एका आवाजाने विचारलं. मिस ओर्टेगा नाही म्हणाल्या. मग संगीत सुरू झालं, तेच तेच पाच-सहा सुरांचं. दर थोड्या वेळाने एक बाई इंग्रजीत सांगायची की तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे. खिडकीबाहेर साडेदहाची सुट्टी झाली. मैदानावर मुलं आली. शिडीभोवती नारिंगी फीत बांधलेली होती, त्यामुळे मुलं शिडीला वळसा घालून पळत होती.

विनीताताई खिडकीकडे बघत होती. तिथे बघतच ती बोलली, माझ्याकडे न वळता, नियम कळला होता तरी.

"काल रात्री केयाने एकच गोष्ट विचारली. पडल्याची नाही. कानाची पण नाही. म्हणाली, आई, आता सगळ्यांना कळलं का?"

मिस ओर्टेगांनी मान वर केली. "प्लीज, बोलायचं नाही," त्या मला म्हणाल्या.

सोमवारी दुपारीच मैदानावर ते कळलं होतं, मला माहीत होतं. मंगळवारी सकाळी तिसरीची तीन मुलं शिडीपाशी उभी असलेली मी पाहिली होती. त्यांतल्या एकाने मान सरळ केली होती आणि पापण्या फडफडवल्या होत्या.

फोनमधलं संगीत मध्येच तुटलं. "नमस्कार," एका अनोळखी पुरुषाचा आवाज आला, लांबून, बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी राज्यातून. "मी आज तुमचा मराठी दुभाषी. ताई, तुम्ही जे बोलाल ते सगळं मी सांगेन. काही गाळणार नाही. सुरुवातीपासून सांगा."

विनीताताईने खुर्ची पुढे ओढली, फोनच्या जवळ. तिला मला ओलांडून वाकावं लागू नये म्हणून मी माझी खुर्ची मागे घेतली.

"माझ्या मुलीचं नाव केया," ती म्हणाली. "ती आठ वर्षांची आहे."